मरीआईचा टाक

टाकावरचं नाक पार झिजलं होतं. डोळे तर दगडाबाईनं कधी पाहिलेच नव्हते. समजायला लागल्यापासून दर सणाला ती हा टाक चिंचेनं घासत आली होती आणि दर वेळी वाटायचं, एक दिवस आपण हिला घासून घासून पुसूनच टाकणार. बोटाच्या पेराएवढा लांबट गोल पत्रा, त्यावर डोक्यावरून पदर घेतलेली, हात पसरून उभी असलेली बाई. मरीआई. खंडोबा चांदीचा, बिरोबा चांदीचा, मरीआई तेवढी कसल्याशा हलक्या धातूची, आणि तिच्या डोक्याशी एक बारीक कडी, दोऱ्यात ओवायची. देवाच्या टाकाला कडी कशाला, असं या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

आज सण नव्हता. तरी ती टाक घेऊन ओसरीवर बसली होती, आणि तो उलटा करायचा धीर तिला होत नव्हता.

"आक्का, कावून घासायलीस तिला आज?" धाकटा भाऊ आसाराम दाराशी उभा होता. "त्या कोकराचा गळा सुजलाय. आई सांगायची न्हाई का, हिला जागची हलवू नका म्हणून."

"ठेवते," ती म्हणाली. पण ठेवला नाही.

कोकराचा गळा... कालपर्यंत धड होता. काल संध्याकाळी संस्कृतीनं देव्हाऱ्याचा फोटो काढला, तोवर धड होता. संस्कृती म्हणजे आसारामची नात, अंबाजोगाईला कॉलेजात शिकणारी. तिला मोबाइलवर सापडलं होतं की इटलीतल्या तारांतो नावाच्या शहरात काही लोक दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यानंतरच्या दिवसांच्या आठवणी गोळा करताहेत, तिथल्या म्हाताऱ्यांच्या आणि तिथं राहून गेलेल्या शिपायांच्या घरच्यांच्याही. पोरगी हरखलीच. तिचे पणजोबा, म्हणजे दगडाबाईचे आबा, आश्रुबा, तारांतोलाच तर होते! आज दुपारी दोनला तिकडची एक सत्त्याऐंशी वर्षांची बाई व्हिडिओवर बोलणार होती, आणि इकडून बोलायचं दगडाबाईनं, कारण आबांच्या आठवणी पाठ असलेलं माणूस आता तेवढंच उरलं होतं. आसारामला निराळीच घाई होती. गावच्या कमानीवर आबांचं नाव घालायचं चाललं होतं, आणि इटलीहून कुणी दोन शब्द बोललं की नाही म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होणार होती. फोटो पोरीनं सहज पाठवला, आमचं घर दिसावं म्हणून. आणि सकाळी त्या म्हातारीचा उलटा प्रश्न आला होता: त्या लांबट टाकाच्या पाठीवर काय लिहिलंय?

सांगायचं तर पुष्कळ आहे. पूल आहे. धारूरच्या डोंगरात मेंढरं चरायला सोडून आबा झाडाखाली टेकले की आधी तो पूल यायचा, गावाच्या मधोमध समुद्र, आणि बोट आली की पूल मधून फाटून दोन्हीकडे वळायचा, वेशीच्या दरवाजासारखा. मग बोळांतून या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत वाळणारी धुणी. मग भाकरीच्या तुकड्यासाठी पायातले बूट विकायला उभी असलेली, कोट घातलेली माणसं. आणि शेवटी पाने. लंगरपुढं, फौजेच्या भटारखान्यापुढं, पोरं हात पसरून ओरडायची, पाने, पाने. नव्या आचाऱ्याला वाटलं पानं मागताहेत, त्यानं एकाच्या हातावर तमालपत्रं ठेवली, आणि पोरगं रडायला लागलं. पाने म्हणजे त्यांच्यात भाकर. हे ऐकून वस्ती हसून लोळायची. आबाही हसायचे... पण हसणं संपायच्या आधी उठून मेंढरांकडे जायचे. ते दगडाबाई एकटीच बघायची.

दगडाबाईच्या जन्माआधीची गोष्ट. आबा लढाईवरून आले त्या साली गावात पटकी आली. तापात आबा बरळायला लागले: मारिया, मारिया. आई, छबुबाई, भोळी. तिनं ऐकलं मरीआई. पिशवी उचकली तर तळाशी पदर घेतलेली बाई निघाली. आणखी काय पुरावा हवा होता? तिनं हळदकुंकू वाहिलं, कोकरू कबूल केलं, आबा उठून बसले. उठले तेव्हा टाक देव्हाऱ्यात बसलेला. चाळीस वर्षं रोज सकाळी त्यांनी तिला हात जोडले—सगळ्यांच्या मागं उभं राहून, डोळे मिटून. तिच्या नैवेद्याचं मटण मात्र कधी तोंडात घातलं नाही.

का खात न्हाई, म्हणून बारा वर्षांच्या दगडीनं एका दुपारी विचारलं, आणि आबांनी सांगून टाकलं. ती मोठी बाई असती तर सांगितलं नसतं.

"पिठाच्या कोठारावर पहारा व्हता माझा. कुणी आलं तर तीनदा हाल्ट म्हनायचं, मग गोळी. सकाळची येळ, समुद्राचं धुकं लई. हातभरावरचं दिसंना. कुणीतरी कोठारातून निघालं, आन् माझ्या तोंडातून आपलीच बोली आली. थांब. थांब गं. थांब म्हनलो. तिला काय कळावं? लोक जमले, एक बाई मारिया मारिया म्हनून ऊर बडवायली. पिठात हे तिच्या गळ्यातलं पडलं व्हतं. मी उचललं. द्यायचं ऱ्हाऊन गेलं."

मग त्यांनी टाक उलटा करून पाठीवर कोरलेली अक्षरं तिला दाखवली होती. दोघांनाही वाचता येत नव्हती.

एवढंच. हुकूम होता, धुकं होतं, भाषेची चूक झाली. कुणी ऐकलं तर आबांना दोष देणार नाही. कमानीवरचं नावही राहील. पण साठ वर्षं दगडाबाईच्या कानात राहिलं ते निराळंच. थांब गं. हातभरावरचं दिसत नव्हतं ना आबा, मग गं कुणाला म्हणालात? माणसाला थांब म्हणतात. गं पोरीला म्हणतात. पोर आहे हे दिसलं असेल तर... तिच्या हातातलं पीठही दिसलं असेल. हा प्रश्न तिनं त्या दुपारी विचारला नाही, आबा मरताना विचारला नाही, आणि दर सणाला चिंच लावून ती तोच घासत बसली.

दोन वाजता संस्कृतीनं फोन डब्याला टेकवून उभा केला. "आजी, एक एक वाक्य बोल. मी इंग्रजीत सांगते, तिकडची पोरगी तिच्या भाषेत सांगंल. पूल सांग, पाने सांग. लई मजा येईल."

इंग्रजीत गं नसेल. हे दगडाबाईला एकदम सुचलं आणि सुटल्यासारखं झालं. सगळं खरं सांगितलं तरी ते एक अक्षर वाटेतच गळून जाईल, कुणाच्या हाती लागणार नाही. थांब एवढंच पोचेल.

पडद्यावर म्हातारी आली. पांढरे केस, झिजलेलं, सपाट नाक. तिनं नमस्कार वगैरे केला नाही. स्वतःच्या गळ्याशी बोट नेलं, जिथं दोरा असतो तिथं, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "मारिया."

आबा तापात म्हणायचे म्हणून आई सांगायची, तसंच.

दारात आसारामनं चटकन हात जोडले. "बघ आक्का," तो हळूच म्हणाला, "मरीआईच म्हनली."

दगडाबाईचे हात जुळले नाहीत. मुठीत टाक उलटा झाला होता आणि अक्षरं तळव्याला टोचत होती. पटकीची, कोकरांच्या गळ्यांची जी भीती ती जन्मभर वागवत आली, ती कुठं गेली कळेना. टाकात आता एक भुकेली पोर होती, जिला आपण इतकी वर्षं मटण दाखवलं आणि भाकर कधी दाखवली नाही.

"बोल ना आजी," संस्कृती म्हणाली.

पूल सांगावा. पाने सांगावं. नाहीतर थांब म्हणून थांबावं... तिनं तोंड उघडलं. पण जिभेवर ते एकच अक्षर सगळ्यांच्या आधी येऊन बसलं होतं, आणि ते गिळून आता पुढचं काही बोलता येईल असं तिला वाटेना.