प्रकरण अकरावे आणि माझ्या पोटातला बर्फ

मित्रांनो, मी एका कादंबरीकाराच्या घरातला म्हातारा फ्रीज आहे. माझ्या मुठीला सुतळी बांधली आहे, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे आणि मी सुरू झालो की माझ्या डोक्यावरची बरणी थरथरते. पण माझे वय विचारू नका, काम विचारा.

माझा जन्म कारखान्यात झाला. माणसांनी माझ्या अंगात नळ्या बसवल्या, पाठीला जाळी लावली आणि पोटात दिवा ठेवला. लोकांना वाटते, मी थंडी तयार करतो. तसे नाही. मी आतली उष्णता उचलून पाठीमागून बाहेर टाकतो, एवढेच. म्हणून तर माझे पोट गार आणि पाठ गरम असते.

मला विकत घेतले तेव्हा आमचे लेखक शाळेत रसायनशास्त्र शिकवत. मग त्यांनी विज्ञानातल्या रहस्यकथा लिहायला घेतल्या. त्यांचा एक नियम होता: जे स्वतः करून पाहिले नाही, ते लिहायचे नाही. झाले! माझ्यात दुधाशेजारी बुरशी नांदू लागली. पावाच्या एका तुकड्यावर चिठ्ठी होती, ‘खाऊ नये. प्रकरण चौथे.’

“बाबा, प्रकरण चौथ्याला केस आलेत!” लेक ओरडायची.

“येऊ दे, येऊ दे! खुनी त्यावरूनच सापडणार आहे,” लेखक खूश व्हायचे.

काही सुचेनासे झाले की ते माझे दार उघडून नुसते बघत उभे राहायचे. त्यांची बायको दातांची डॉक्टर. ती मागून म्हणायची, “दार लाव. आत कल्पना नाहीत, बटाटे आहेत.”

पहिल्या चार पुस्तकांपर्यंत माझे कौतुक झाले. पाचव्याने मात्र सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळवले. गोष्ट अशी होती: एक जीव वाचवणारे औषध गोठवलेलेच ठेवावे लागते. बर्फाच्या सुट्या तुकड्यांनी भरलेली त्याची पेटी वाटेत खलनायक वितळू देतो, मग पुन्हा गोठवतो आणि तापमान नोंदवणाऱ्या यंत्रातही फेरफार करतो. अकराव्या प्रकरणात पेटी नायिकेसमोर येते, तेव्हा सगळे काही थंडगार! मग मध्ये औषध वितळले होते, हे तिने सिद्ध कसे करायचे?

लेखकाला उत्तर सापडेना. प्रकाशकाने बजावले, महिनाअखेर शेवट आला नाही तर पुस्तक रद्द. लेखकाचा चेहरा एवढासा झाला. “हे जमलं नाही तर लिहिणं बंद,” ते म्हणाले. “मी आपला पुन्हा शाळेत शिकवायला जातो.”

“आमच्या शाळेत नको हं बाबा,” लेकीने लगेच सांगून ठेवले.

मायलेकी दोन दिवस मावशीकडे गेल्या आणि लेखकाने ओट्यावर प्रयोग मांडला. एका खोक्यात बर्फ भरला, वर मोठा बल्ब टांगला. उन्हात उभ्या गाडीत पेटीचे काय होते, ते त्यांना बघायचे होते. बल्बची वायर लांबच्या प्लगपर्यंत पोहोचेना. तेव्हा त्यांनी माझी पिन काढली आणि बल्बची लावली.

मित्रांनो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो शहाणा माणूस खोक्यातला बर्फ कसा वितळतो हे डोळ्यांत तेल घालून बघत होता आणि त्याच्या पाठीमागे मी वितळत होतो! माझ्या दाराचे रबर आधीच सैल. शेवटी पायाला ओले लागले, तेव्हा त्यांनी वळून पाहिले आणि कपाळावर हात मारला.

त्यांनी मला सुरू केले, नासलेले दूध बदलले, फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर लावला. आकडा बरोबर जागेवर! सुटलो, असे त्यांना वाटले.

मायलेकी परतल्या. लेक दारातच थबकली. “आई, फरशी बघ कसली चकचकीत!”

“बाबांनी आपणहून फरशी पुसली? म्हणजे काहीतरी गुन्हा घडलाय,” आई म्हणाली आणि तिने सरळ माझा वरचा कप्पा उघडला. “फ्रीज कधी बंद होता?”

“छे! हात लावून बघ ना, किती गार आहे.”

“आत्ता गार आहे. मी कालचं विचारतेय.”

तिने बर्फाची पिशवी ओट्यावर आपटली. “मी जाताना यात सुटे तुकडे भरून गेले होते. खुळखुळत होते. आता ही एकच लादी झालीये. वितळल्याशिवाय तुकडे असे एकमेकांना चिकटतील का? आणि हे वाटाणे बघ. वीट झालीये वीट!”

मला वाटले, आता घरात भांडण पेटणार! पण लेखकाने ती लादी उचलून छातीशी धरली आणि ते स्वयंपाकघरभर नाचायला लागले.

“पकडलंस! अगं, मला पकडलंस तू! यंत्र खोटं बोलेल, बर्फ नाही बोलणार!”

“वेड लागलंय याला,” आई म्हणाली. “अरे, शर्ट भिजतोय!”

शर्ट तसाच ठेवून ते लिहायला बसले. नायिका पेटी उघडते, एकसंध गोठलेली लादी बाहेर काढते आणि खलनायकाची बोबडी वळते. महिना संपण्याआधी पुस्तक प्रकाशकाकडे पोहोचले. पहिली प्रत बायकोला देताना लेखक म्हणाले, “नायिका तूच आहेस.”

“आणि खलनायक?” तिने विचारले. लेखकाने विषय बदलला.

आता स्वयंपाकघरात नवा, गुळगुळीत फ्रीज आला आहे. मला लेखनाच्या खोलीत हलवले. मला वाटले, आता कोण विचारतो आपल्याला! पण सहाव्या पुस्तकाच्या बुरशीने माझा खालचा कप्पा आताच भरला आहे.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. घरातल्या फ्रीजच्या दाराचे रबर पुसत जा, त्याच्या पाठीमागे हवा खेळू द्या आणि सुरीने बर्फ खरवडू नका. हातून चूक झालीच, तर झाकायची घाई करू नका. आधी तिच्याकडे नीट बघा. आमच्या लेखकाने दूध बदलले, फरशी पुसली, पण एकदाही बर्फाकडे पाहिले नाही. उत्तर एक दिवसभर माझ्या पोटात पडून होते, आणि मला बोलता येत नव्हते हो!