चौथ्या मजल्यावरच्या टोपलीचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे आणि स्वभावाने जळकी आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर माझी गोष्ट ऐकता ऐकता तुम्ही म्हणाल, "काय बाई ही टोपली, हिला कुणाचं चांगलं बघवत नाही!" खरंच बघवत नाही. पण माझी बाजू तर ऐकून घ्या.

वेतकाम करणाऱ्या एका बाईंनी मला विणलं. त्यांच्या दुकानात माझ्या बहिणीही होत्या. फुलांच्या टोपलीला रंग मिळाला, बाळाच्या टोपलीला मऊ अस्तर मिळालं, आणि मला काय मिळालं? दोरी. चार बाजूंनी चार गाठी मारून बाईंनी माझ्या डोक्यावर एक कडी अडकवली आणि म्हणाल्या, "हिला मेहनतीचं काम आहे." तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

मला विकत घेतलं आजोबांनी. आजोबा छापखान्यात काम करायचे. यंत्रांचा खडखडाट ऐकता ऐकता त्यांचे कान आधी मंद झाले आणि निवृत्त होईपर्यंत जवळजवळ बंदच पडले. ते, त्यांची लेक आणि शाळेत जाणारी नात, असे तिघे लिफ्ट नसलेल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. लेक रुग्णालयात नर्स आहे. ती कामावर आणि नात शाळेत गेली, की दिवसभर घरात आजोबा एकटे. दारावर कोणी धक्के मारले तरी त्यांना पत्ता लागायचा नाही.

म्हणून आजोबांनी डोकं लढवलं. खिडकीबाहेर त्यांनी एक कप्पी बसवली. तिच्यावरून माझी दोरी घेतली आणि वरचं टोक आपल्या खुर्चीच्या हाताला बांधलं. मी खाली दुकानांसमोर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर लोंबकळत राही. दूधवाला येई, पाववाला येई, कुरिअरवाला येई. माझ्यात वस्तू ठेवून दोरीला दोन हिसके दिले, की वर खुर्चीचा हात थरथरे आणि आजोबा उठून मला ओढून घेत. मी खाली असले म्हणजे आजोबा घरी, आणि मी वर असले म्हणजे घराला कुलूप. हे साऱ्या गल्लीला पाठ होतं.

ते माझे सुगीचे दिवस होते. "टोपली नसती तर माझं कसं झालं असतं!" असं आजोबा येईल त्याला सांगत. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्याने बोलत, त्यामुळे माझं कौतुक पलीकडच्या गल्लीपर्यंत जाई. मी तरंगत असे अगदी.

एक दिवस लेक आजोबांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांच्या कानाच्या मापाचं श्रवणयंत्र बनवायचं ठरलं. ते दूरच्या कारखान्यात तयार होऊन कुरिअरने थेट घरी यायचं होतं. आता प्रश्न आला, कोणत्या कुरिअरने मागवायचं? त्यावरून घरात चांगलीच खडाजंगी झाली.

कुरिअर तीन होते आणि आजोबांनी तिघांनाही नावं ठेवलेली होती. पहिला स्वस्त. त्याच्याकडून आलेला खोका असा चेपलेला असे, की वाटेत कोणी त्याच्यावर बसून जेवलं असावं. त्याचं नाव 'पापड'. दुसरे एक वयस्कर काका, ते वस्तू जिवापाड जपत, पण कधी येतील ते त्यांनाही ठाऊक नसे. त्यांचं नाव 'येईन येईन'. तिसरा नवा आणि महागडा. पार्सल या क्षणी कुठे पोचलं ते मोबाइलवर दाखवणारा. त्याचं नाव 'धूमकेतू'.

"येईन येईनला सांग," आजोबा म्हणाले. "तो टोपलीत ठेवतो. मला बरं पडतं."

आजोबांशी बोलायच्या पाटीवर लेकीने 'नको' असं लिहून दाखवलं. मग न राहवून मोठ्याने म्हणालीही, "बाबा, शनिवारी हिचं गाणं आहे शाळेत! ते काका पुढच्या महिन्यात उगवतील!"

नात पहिल्यांदाच स्टेजवर एकटी गाणार होती. रोज संध्याकाळी ती आजोबांसमोर उभी राहून सराव करी. आजोबा तिच्या ओठांकडे टक लावून बघत आणि मान डोलावत. एकदा तिचं गाणं संपलं, ती पाणी प्यायला लागली, तरी ते मान डोलावतच होते. तिने पेला खाली ठेवला आणि पहिल्यापासून पुन्हा गाणं म्हटलं. मी खिडकीत होते. मला ते बघवलं नाही.

तर, धूमकेतू ठरला. आणि तिथूनच माझे वाईट दिवस सुरू झाले. धूमकेतूचा नियम होता, की पार्सल माणसाच्या हातात द्यायचं आणि यंत्रावर सही घ्यायची. टोपलीत वगैरे ठेवायचं नाही. लेकीने मला वर ओढून घेतलं, दोरी गुंडाळली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं. माझ्या पोटात कांदे भरले. गरज सरो वैद्य मरो, दुसरं काय!

माझ्या जागी आली नवी बेल. चकचकीत, निळा दिवा असलेली, बटण दाबलं की दिवा लुकलुकवत तऱ्हेतऱ्हेचे सूर काढणारी. शिवाय लेकीने आपला जुना मोबाइल आजोबांच्या गळ्यात अडकवला. "थरथरला की बघा हं, बाबा!" असं तिने दहा वेळा बजावलं. मित्रांनो, तो मोबाइल आजोबांच्या छातीशी झोपे, त्यांच्याबरोबर उठे. जेवताना तो ताटाशेजारी आणि मी कांद्यांसकट खिळ्यावर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बेल बिघडावी, मोबाइल बादलीत पडावा, असे नाही नाही ते विचार मी दिवसभर करत होते.

बुधवारी धूमकेतूचा माणूस आला. बेलने दाराच्या आत आपले सगळे सूर वाजवून दाखवले. आजोबा खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मग त्याने फोन लावला. मोबाइल थरथरला, पण आजोबांनी अंगात जाड स्वेटर घातला होता आणि मोबाइल त्याच्यावर होता. मी खिळ्यावरून ओरडून ओरडून दमले, पण टोपलीचं कोण ऐकतं? तो माणूस चार मजले उतरून गेला. संध्याकाळी लेकीच्या मोबाइलवर निरोप आला, 'घरी कोणीही नव्हते.'

"घरी कोणी नव्हतं?" आजोबा गरजले. "मग मी कोण होतो? भूत?"

गुरुवारी तो पुन्हा आला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला खालचं बोलणं ऐकू येत होतं. या वेळी जिना चढण्याआधी त्याने खालच्या दुकानात किल्ल्या बनवणाऱ्या किल्लीवाल्याला विचारलं, "चौथ्या मजल्यावर कोणी असतं का हो दुपारचं?"

किल्लीवाल्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं. "टोपली खाली नाही ना? मग नाहीत घरी. उगाच कशाला चढता?"

आणि तो गेला. खरं सांगू? मला दुःख व्हायला हवं होतं. पण आधी मला गुदगुल्या झाल्या. घ्या, म्हटलं, आणा अजून बेली! गल्ली अजून मलाच मानते. मग मी पाहिलं, की आजोबा दाराकडे तोंड करून बसले आहेत. दार त्यांनी सताड उघडं ठेवलं होतं, कुणी आलं तर दिसावं म्हणून. ते पेपरही वाचत नव्हते. तेव्हा माझ्या गुदगुल्या थांबल्या.

संध्याकाळी लेक घरी येताना किल्लीवाल्याने तिला गाठलं. "ताई, आज पार्सलवाला आला होता. मीच सांगितलं त्याला घरी कोणी नाही म्हणून. टोपली वर होती ना तुमची!"

लेकीने कपाळावर हात मारला. तिने कुरिअरच्या कार्यालयात फोन लावला. बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "उद्या शेवटची फेरी होईल. नाही घेतलं तर पार्सल परत कारखान्यात जाईल."

"अहो, पण त्यांना ऐकू येत नाही! त्यासाठीच तर ते मशीन मागवलंय!"

"मी तुमची अडचण समजू शकते," बाई म्हणाली आणि पुन्हा संगीत वाजू लागलं.

लेकीला रजा मिळाली नाही. ती पाटीवर लिहिताना खडू मोडला. 'बाबा, माझंच चुकलं. यंत्र शनिवारपर्यंत येणार नाही बहुतेक.' आजोबांनी ते वाचलं. नात शेजारी उभी होती. ती पटकन म्हणाली, "चालेल, आजोबा. तुम्ही नुसते समोर बसा." त्यांना ते ओठांवरून समजलं.

शुक्रवारी सकाळी सगळे गेल्यावर आजोबा स्वयंपाकघरात आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला खिळ्यावरून काढून सगळे कांदे ओट्यावर उपडे केले. एका पुठ्ठ्यावर छापखान्यातल्यासारखी ठसठशीत अक्षरं काढली, 'मी घरी आहे. ऐकू येत नाही. दोरी ओढा.' पुठ्ठा माझ्या पोटावर बांधला, दोरी खुर्चीच्या हाताला बांधली आणि मला खाली सोडलं. मी खाली येताच किल्लीवाला ओरडला, "आले हो, आजोबा घरी आले!"

दुपारी धूमकेतूचा माणूस आला. घामाघूम झालेला, तिशीतला, एका पायाने थोडा लंगडत चालणारा. त्याने पुठ्ठा वाचला. पुन्हा वाचला. "अरेच्चा, परवा मी बहिऱ्या माणसाची बेल वाजवत होतो होय!" तो म्हणाला आणि त्याने दोरीला दोन हिसके दिले.

आजोबा खिडकीत आले. खालून माणसाने सहीचं यंत्र उंच धरून दाखवलं, मग नियमाचा थोडा विचार केला आणि सरळ माझ्यात ठेवलं. "सांभाळून हं आजोबा, पडलं तर नोकरी जाईल माझी!" तो ओरडला. आजोबांनी हसून हात हलवला. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. ते यंत्र माझ्यात बसून सारखं टुं टुं करत होतं. मला त्याचाही राग आला, पण मी त्याला नीट वर नेलं आणि सही झाल्यावर नीट खाली आणलं. मग त्या माणसाने एक छोटासा पांढरा खोका माझ्या तळाशी ठेवला.

मी वर निघाले आणि दुसऱ्या मजल्याशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी कुणाला घेऊन चालले होते? आजोबांना ऐकू यायला लागल्यावर त्यांना बेल ऐकू येणार, फोन ऐकू येणार. मग दोरीचा हिसका कशाला हवा? आपल्या सवतीला आपल्याच कडेवर बसवून मी घरी नेत होते! नेमक्या त्याच वेळी माझी कड तिसऱ्या मजल्याच्या सज्ज्याखाली अडकली. आजोबा वरून जोरात ओढू लागले. मी कलंडले. खोका घसरत माझ्या काठापर्यंत आला. खालून तो माणूस आणि किल्लीवाला दोघेही ओरडले, "थांबा, थांबा!" पण ते कोणाला ऐकू जाणार?

एक क्षण मला वाटलं, पडू दे. एवढंसं तर यंत्र, तीन मजल्यांवरून पडलं की संपलं. मग मला मान डोलावणारे आजोबा आठवले आणि पेला खाली ठेवून पुन्हा गाणारी नात आठवली. मी अंग आकसून घेतलं, दोरीबरोबर गर्रकन फिरले आणि सुटले. तुम्ही म्हणाल, दोरीला पीळ होता म्हणून टोपली फिरली. म्हणा बापडे. पण ते श्रेय मी कोणाला देणार नाही.

संध्याकाळी लेकीने यंत्र आजोबांच्या कानाला लावलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणतात. हे तर कानामागेच येऊन बसलं! घरात सगळे श्वास रोखून उभे होते. नात बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात वाऱ्याने मी खिडकीत हलले. आजोबांनी झटकन मान वळवली.

"हे काय वाजतंय?"

"कुठे काय?" लेक म्हणाली. "टोपली करकरतेय. ती नेहमीच करकरते."

"नेहमी?" आजोबा उठून माझ्याजवळ आले. त्यांनी बोटाने मला हळूच झोका दिला आणि कान माझ्याजवळ आणला. "इतकी वर्षं ही बोलतेय, आणि मला कोणी सांगितलं नाही!" ते हे अगदी हळू आवाजात म्हणाले. इतक्या हळू त्यांना बोलताना मी प्रथमच ऐकलं.

मित्रांनो, शनिवारी ते तिघं शाळेत गेले. ते यंत्रही गेलं. मी गेले नाही, टोपल्यांना कोण नेतं? गाण्याच्या वेळी मी खिडकीत बसून जळत होते. परत आल्यावर आजोबांचे डोळे लाल होते आणि नात पायऱ्या चढतानाही गात होती, एवढंच मला कळलं.

आता आजोबांना बेल ऐकू येते. मी खिळ्यावर जायची वाट बघत होते. कांदेही ओट्यावर तयारच होते. लेकीने मला उचललं, तेव्हा आजोबा म्हणाले, "तिला कुठे नेतेस? राहू दे खिडकीत."

"बाबा, आता तुम्हाला ऐकू येतं ना?"

"मला येतं गं. पण त्या पोराचा पाय दुखतो. चार मजले त्याने कशाला चढायचे?"

म्हणून मी अजून खाली लोंबकळते. पापड येतो, येईन येईन कधीतरी येतात, धूमकेतू सहीचं यंत्र न मागताच माझ्यात ठेवतो. श्रवणयंत्राचा मला अजून हेवा वाटतो, कारण ते रात्री आजोबांच्या उशाशी मखमली डबीत झोपतं आणि मी उन्हापावसात बाहेर असते. स्वभावाला औषध नाही. पण मित्रांनो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या घरी कोणी काही घेऊन आलं, की फक्त खोक्याकडे धावू नका. तो किती पायऱ्या चढून आला ते बघा, त्याला घोटभर पाणी द्या. आणि घरातल्या जुन्या वस्तूला अडगळीत टाकण्याआधी तिच्याजवळ एकदा कान न्या. माझी दोरी कप्पीजवळ झिजली आहे, हे गेला महिनाभर मी करकरून सांगतेय. काल आजोबा नवी दोरी घेऊन आले.