खांद्याचा पत्रा

दासियसने हात झटकन मागे घेतला आणि तिथेच विरिलिसच्या मनात पाल चुकचुकली.

"काय रे, माझ्या चिलखताशी काय चाललंय तुझं?"

"तेल लावत होतो. माझ्याला लावलं, उरलं म्हणून तुझ्यालाही."

"आरी घेऊन तेल लावतोस होय?"

दासियसने हातातल्या टोकदार आरीकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणी त्याच्या मुठीत ठेवली होती. "वादी सैल झाली होती एक," तो म्हणाला आणि पाणी आणायच्या निमित्ताने तंबूबाहेर सटकला. मशक मात्र तिथेच खुंटीला लटकत राहिली.

उद्या पहाटे होड्यांच्या पुलावरून रोमन पलटण डॅन्यूब नदी ओलांडणार होती. पलीकडचे लोक ढालीआडून भोसकत बसत नाहीत. ते लांब दांड्याचा कोयता दोन्ही हातांनी उचलतात आणि लाकूड फोडल्यासारखा वरून खाली आणतात. ढालीच्या काठावरून तो थेट खांद्यावर येतो. गेल्या स्वारीत त्यांच्याच तंबूतला रूसो तसाच गेला होता. म्हणून तर लोहारशाळेतला म्हातारा माकेर जो येईल त्याचा खांदा दाबून सांगायचा, "पोरांनो, पत्रा वार अडवत नाही, वाराला वाट चुकवायला लावतो. वरून आलेला कोयता उतारावरून घसरला पाहिजे. घसरला तर तुम्ही जेवायला घरी, थांबला तर तुम्ही देवाघरी."

आणि अशा दिवशी दासियस त्याच्या खांद्याच्या चामडी वाद्या उसवत बसला होता!

तसा दासियस परका नव्हता. एका तंबूत आठ जण, त्यात या दोघांची अंथरुणं नऊ वर्षं शेजारी. एकमेकांना भाऊ म्हणायचे. पलटणीच्या रिवाजाप्रमाणे दोघांनी एकमेकांच्या नावाने मृत्युपत्रंही केली होती. जो मागे राहील त्याने दुसऱ्याची चीजवस्तू घ्यायची आणि त्याच्या नावाचा दगड उभा करायचा. करताना दोघे हसले होते. आज विरिलिसला ते हसू आठवलं, पण आता आठवत होते ते फक्त दासियसचे दात.

मेलो तर सगळं याचंच, तो मनाशी म्हणाला. तलवार, चांदीचे टाके मारलेला पट्टा, सगळं.

संशयाचा किडा एकदा शिरला की साध्या गोष्टीही वाकड्या दिसायला लागतात. दुपारी दासियसने स्वतःच्या वाटीतली लापशी त्याच्या वाटीत ओतली. विरिलिसने ती हळूच मातीत पालथी केली. संध्याकाळी शतनायकाने मार्सदेवापुढे बोकड कापला, सगळी पलटण मान खाली घालून उभी राहिली. विरिलिसच्या ओठांवर देवाचं नाव होतं आणि डोळे दासियसवर. दासियस मात्र डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. नेमकं काय मागतोय हा?

पूजा आटोपली. बाकीचे बोकडाच्या मटणासाठी रांगेत लागले. विरिलिस एकटाच तंबूत परतला आणि मावळतीच्या उजेडात त्याने आपलं चिलखत उलटं केलं.

वाद्या शाबूत होत्या. बिजागऱ्या शाबूत होत्या. मग उजव्या खांद्याच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला त्याचं बोट अडकलं. टोच्याने ठोकलेले बारीक ठिपके. पलटणीत प्रत्येकजण आपल्या सामानावर अशीच नावं ठोकतो. त्याने ठिपके जुळवून वाचले.

दासियस.

त्याने दासियसचं चिलखत ओढून घेतलं, उजवा खांदा उलटला. तिथे त्याच्याच हाताचे वेडेवाकडे ठिपके होते : विरिलिस.

अस्सं! नावापुरता भाऊ! माझा पत्रा स्वतःला, स्वतःचा मला. याच्या पत्र्यात काहीतरी खोट असणार, नाहीतर कोण कशाला बदलेल? खांद्याचे पत्रे खालच्या पट्ट्यांना आकड्यांनी अडकवलेले असतात. ते काढायला आणि पुन्हा बसवायला लापशी खाण्याइतकाही वेळ लागत नाही. त्याने आपला पत्रा आपल्या चिलखतात घातला, दासियसचा दासियसच्या. आपल्या पत्र्यावरून त्याने एकदा प्रेमाने हात फिरवला. तपासला नाही. आपल्याच वस्तूला कोण तपासतं?

"मटण संपेल रे!" बाहेरून दासियसने हाक मारली. "का देवावरही रुसलायस आज?"

"आलो, भाऊ," विरिलिस म्हणाला. भाऊ हा शब्द त्याने मुद्दाम चावून उच्चारला.

पहाटे धुक्यात पूल करकरला. पलीकडचा काठ चढतोय न चढतोय तोच झाडीतून कोयते आले. दासियस त्याच्या उजव्या हाताला होता, नेहमीसारखाच. एक कोयता दासियसच्या खांद्यावर पडला, ठण्णकन वाजला, उतारावरून घसरला आणि जमिनीत रुतला. दासियसने त्या माणसाला तिथेच आडवा केला. विरिलिसने ते पाहिलं. पत्रा तर चांगला दिसतोय, एवढंच मनात आलं.

मग दुसरा कोयता त्याच्यावर आला. तोही उजव्या खांद्यावरच. पण हा घसरला नाही. बिजागरीपाशी कडकन आवाज झाला, पत्रा शेंगेसारखा उकलला आणि पातं आत शिरलं.

शुद्ध आली तेव्हा तो अलीकडच्या काठावर वैद्याच्या तंबूत होता. खांदा फडक्यांनी बांधलेला. दासियस पायाशी बसून फाटलेला पत्रा हातात फिरवत होता. आतल्या ठिपक्यांवरून त्याचं बोट दोनदा गेलं.

"हा तुझ्या अंगावर कसा?"

विरिलिसने नजर तंबूच्या कनातीकडे वळवली.

"या बिजागरीखाली चीर होती. तेल लावताना दिसली मला. माकेरकाकाकडे गेलो, तो म्हणाला तीन दिवस लागतील. मग बदलला. मला चीर माहीत होती, मी तो खांदा ढालीखाली जपला असता. तू कुठला जपतोयस, सदा पुढे घुसणारा!"

"सांगायचं होतंस."

"नदी ओलांडायच्या आदल्या दिवशी चिलखताच्या खोटीचं नाव घेतात का कुणी? अपशकुन होतो. रूसोने घेतलं होतं, आठवतं ना? म्हणून देवापुढे मुकाट्याने तेवढंच मागितलं, की हा पत्रा धरू दे."

"कुणासाठी मागितलंस?"

"जो घालेल त्याच्यासाठी. मला काय माहीत, तू रात्रीतून चोरी करशील!"

विरिलिसला खरंच हसू आलं आणि खांद्यातून कळ गेली. हसता हसताच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मला वाटलं, तुला माझा दगड उभा करायची घाई झाली."

दासियसने त्याच्याकडे पाठ फिरवली. ते विरिलिसला कोयत्यापेक्षा जड गेलं.

"गाढवा," शेवटी तो म्हणाला, "नऊ वर्षं तुझं घोरणं ऐकतोय. घाई असती तर केव्हाच उशी दाबली असती."

तो उठला, फाटका पत्रा काखेत मारला, विरिलिसचा चांदीच्या टाक्यांचा पट्टाही उचलला आणि तंबूबाहेर निघाला. पट्टा कुठे नेतोय हा? विरिलिसच्या मनात जुनीच पाल पुन्हा चुकचुकली. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि उशीवर मान टेकली. न्यायचा तिथे नेऊ दे.