एकमतानं मंजूर

शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार असून त्याच्या हातून घडलेला विद्यार्थी हेच समाजाचं खरं धन होय, असा ठराव आमच्या ज्ञानवर्धक मंडळानं एकमतानं मंजूर केला. दुसरा ठराव शाळेची इमारत बोलपटवाल्यांना भाड्यानं देण्याचा होता. तोही एकमतानंच मंजूर झाला. दोन्हींच्या मधे चहा झाला, एवढाच काय तो फरक.

ही गोष्ट सोलापुरातली, बोलपट नुकते बोलायला लागले होते तेव्हाची. आमची शाळा म्हणजे गिरणीच्या भोंग्याखालची एक जुनी कापसाची वखार. लांबलचक, मधे एकही खांब नाही. शिक्षणाला या गोष्टीचा काही उपयोग नव्हता. पण मुंबईहून आलेले बोलपट कंपनीचे मॅनेजर दारात उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. शाळेकडे बघून कुणाचे डोळे भरून आल्याचा तो पहिलाच प्रसंग. म्हणजे विद्यार्थी सोडून.

मंडळाचे अध्यक्ष मानसिंगराव, सुताचे व्यापारी. सभासदांत कुंडलिकराव वकील, गिरणीत कामगारांवर मुकादमी करणारा जॉबर कोंडीबा आणि आणखी दोघे-तिघे. चिटणीस मी. आम्ही सगळेच या शाळेतून, म्हणजे रुद्रप्पा गुरुजींच्या हाताखालून गेलेले.

"शाळंत पोरं किती? साठ-सत्तर," मानसिंगरावांनी सभेत हिशेब मांडला होता. "बोलपटाला मानसं येनार शेकड्यानं. मग ग्यान जास्त कुटं वाढतंय, सांगा की!"

"आन् गुरुजी?" कोंडीबानं विचारलं.

"त्यांचाच ठराव केला की पैला! शिल्पकार म्हटलंय. आनखी काय द्येयाचं मानसाला?"

पोरांचं काय, हे कुणी विचारलं नाही. पोरांना गिरणी होतीच.

आता फक्त सही राहिली होती. ती रविवारी शाळेतच करायची ठरली. मानसिंगरावांच्या पेढीवरून खुर्च्या आल्या, मॅनेजर करारपत्र घेऊन आले. गुरुजींना कळवायचं काम प्रत्येकानं दुसऱ्यावर सोपवलं होतं, त्यामुळे पेठभर बोभाटा होऊन ते त्यांना अगदी वेळेवर कळलं. अध्यक्षांनी टाक दौतीत बुडवला आणि दारात रुद्रप्पा गुरुजी उभे राहिले. डोक्याला पांढरा रुमाल, कपाळावर भस्म, काखेत छत्री.

सगळं मंडळ उभं राहिलं. मॅनेजर तेवढे बसून होते. ते मुंबईला शिकलेले.

इथं गुरुजींच्या अध्यापनाची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. धडा समजावून झाला की गुरुजी विचारत, "समजलं का?" वर्ग एका सुरात ओरडे, "व्हय गुरुजी!" ज्याला समजलं नसेल त्याला पुन्हा समजावून सांगत, पण ते छडीनं. त्यामुळे बिगरीतल्या पोरालासुद्धा पहिल्या आठवड्यातच सगळं समजू लागे. तपासणीला आलेले साहेब हा वर्ग पाहून थक्क होत आणि शेऱ्यात लिहीत, "आकलन उत्तम."

हे आकलन घेऊन पिढ्याच्या पिढ्या बाहेर पडल्या. गिरणीत साहेबानं विचारलं, काम वाढवू का? व्हय. पुढाऱ्यानं विचारलं, संप करू या? व्हय. महिन्यानं दुसऱ्या पुढाऱ्यानं विचारलं, संप मोडू या? व्हय. निवडणुकीत तर प्रत्येक उमेदवाराला आमच्या पेठेची सगळी मतं मिळत. मोजताना तेवढा घोटाळा होई. समाज घडवणं म्हणतात ते हेच.

गुरुजी पुढं आले. त्यांनी रात्रभर बसून भाषण तयार केलेलं दिसत होतं. पण प्रत्यक्षात एकच वाक्य बाहेर पडलं.

"पोरांनो, ही शाळा बंद करून हितं खेळ लावायचे, हे तुमाला शोभतं का?"

"व्हय गुरुजी!" मंडळ एका सुरात म्हणालं.

गुरुजी मटकन अध्यक्षांच्या खुर्चीत बसले. "अय्यो शिवने!" एवढंच म्हणाले.

"वाहवा!" मॅनेजर म्हणाले. "पुन्हा एकमत!"

"तसं न्हाय वो गुरुजी," कोंडीबा कळवळला. "त्ये तोंडातनं आपसूक आलं बगा."

"मग तुजं स्वताचं मत काय हाय, कोंड्या?"

कोंडीबानं सवयीनं कुंडलिकरावांकडं पाहिलं. तिसरीपासून तो त्यांच्याच पाटीवरचं उतरवत आलेला. कुंडलिकराव आढ्याकडं बघत होते. पक्षकार आल्याशिवाय वकिलाला मत नसतं.

"मत आपल्याला न्हवतं गुरुजी," कोंडीबा हळूच म्हणाला. "पावकी हुती, निमकी हुती, नद्या हुत्या. मत न्हवतं."

मग हाडाचा शिक्षक करील तेच गुरुजींनी केलं. शिकवायचं राहिलेलं तिथल्या तिथं शिकवायला घेतलं. उभे राहिले, छत्री टेबलावर आपटली.

"सगळ्यांनी माझ्यामागं म्हना. न्हाय, गुरुजी!"

"व्हय गुरुजी!"

"न्हाय म्हना रे, न्हाय!"

"व्हय गुरुजी!"

मानसिंगरावांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. शाळेत असताना तो कधी एवढा लागला नव्हता.

गुरुजींनी कपाळावरचा घाम पुसला. चाळीसेक वर्षांची मेहनत एका सकाळी उतरवता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी मॅनेजरकडं पाहिलं, करारपत्राकडं पाहिलं आणि सरळ वर्गाकडं वळले.

"शाळा हितंच ऱ्हानार का?"

"व्हय गुरुजी!"

"कायमची?"

"व्हय गुरुजी!"

"लिही," गुरुजी मला म्हणाले. मी वृत्तान्ताच्या कागदावर लिहिलं : एकमतानं मंजूर.

मॅनेजर उसळले. "अध्यक्षमहाराज, आपण मला शब्द दिला होता ना?"

"व्हय!" मानसिंगराव म्हणाले.

"आन् आता त्यो मागं घेतला का?" गुरुजींनी विचारलं.

"व्हय गुरुजी!"

मॅनेजरांनी करारपत्राची गुंडाळी केली, टांगा बोलावला आणि स्टेशन गाठलं. जाताना दारात थांबून वखारीकडं त्यांनी एकवार पाहिलं. हॉल हातचा गेल्याचं दुःख खरं होतं.

शाळा वाचली. गुरुजींना मात्र आनंद झाल्यासारखा दिसेना. ते टेबलाशी उभे राहून आम्हां सगळ्यांकडं एकेक करून बघत होते, गणिताचं उत्तर बरोबर आलं पण रीत चुकली की बघत तसे.

"पोरांनो," ते शेवटी म्हणाले, "उद्यापासनं ह्या शाळंत पैला धडा न्हाय म्हनायचा. ज्याला समजलं न्हाय त्यानं उभं ऱ्हाऊन तसं सांगायचं. त्याला छडी न्हाय. मानसानं आपल्या डोस्क्यानं इचार करावा, भ्याव सोडावं, कुनाच्या म्होरं मान तुकवू नये. शिक्शन म्हंजे हेच. आज ह्या वखारीत एक नवा समाज जन्माला येतोय—"

गुरुजींचा आवाज आढ्याला भिडला. आमच्या अंगावर काटा आला. इतक्यात पेढीचे मालक, मंडळाचे अध्यक्ष, पन्नाशीचे मानसिंगराव एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले, आणि त्यांनी करंगळी वर केली.

"गुरुजी, जरा भाईर जाऊन येऊ?"