नाल्याच्या तोंडाचे मासे

मित्रांनो, मी शिशाची एक जुनी गोळी. आकार बोटाच्या पेराएवढा, रंग काळपट. आपलं आयुष्य सांगताना कुणाची छाती फुगते; माझी मान खाली जाते. तरी सांगते. लपवालपवी बरीच झाली.

इजिप्तमधल्या मंझला सरोवराच्या काठी, बदावी नावाच्या कोळ्याच्या अंगणात माझा जन्म झाला. त्याने मोटारीची निकामी बॅटरी फोडली, तिच्यातलं जळजळीत पाणी मागच्या नाल्यात ओतलं आणि आतलं शिसं डब्यात वितळवून साच्यात घातलं. अशा साठ गोळ्या त्याने पागेच्या, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याच्या, काठाला ओवल्या. तिथे घरोघरी हेच चाले. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नाला मात्र सगळ्यांची घाण पोटात घेऊन सरोवराला मिळे.

पाग फेकली की आम्ही तळाकडे झेपावत असू. "बघ, कशी गोल पडते!" बदावी शेजाऱ्यांना दाखवी आणि मी फुशारून जाई. नाल्याच्या तोंडाशी गाळावर पोसलेले बोय मासे भरपूर सापडत. बाजारात कुणी विचारलं तर तो सांगे, "बेटाकडचे आहेत, स्वच्छ पाण्यातले." टोपलीशेजारच्या ओल्या पागेतून मी ते ऐके.

घरी त्याची सात वर्षांची नात होती, नज्ला. "खा गं. माशाचं डोकं खाल्लं की आपलं डोकं चालतं," असं म्हणत तो आपल्या ताटातली डोकी तिच्या भातावर ठेवी. पुढे पुढे नज्ला पोट धरून बसू लागली. काल शिकलेलं आज विसरू लागली. शाळेतून निरोप आला तेव्हा बदावी तिच्यावरच चिडला.

"लक्ष कुठं असतं तुझं?"

"गिद्दो, मी लक्ष देते," ती आजोबांना म्हणाली. "ते डोक्यात राहतच नाही."

दवाखान्यातल्या डॉक्टर इन्शिराहने तिचं रक्त तपासून घेतलं.

"बदावीकाका, पोरीच्या रक्तात शिसं आहे. मासे कुठले खाता?"

"सरोवरातले."

"सरोवर मोठं आहे. कुठल्या बाजूचे?"

नज्लाच म्हणाली, "नाल्याच्या तोंडाचे. मी नावेत असते ना."

डॉक्टरने ते मासे तपासायला पाठवले. त्यांत शिसं निघालं, कॅडमियमही निघालं. "तुम्ही नाल्यात ओतलंत, गाळातून ते माशात गेलं, माशातून पोरीत," ती म्हणाली. "आणि तो वितळवायचा धूर वेगळाच."

मित्रांनो, गाळात मुरलेलं ते विष म्हणजे माझंच गणगोत. माझ्याच जन्माच्या वेळी ते तिथे गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाजारात नेहमीची गिऱ्हाईक सादिया आली. तिला सातवा महिना होता. "काका, बेटाकडचेच ना?"

नेहमीचं उत्तर बदावीच्या जिभेवर आलं असणार. पण त्याने हातातला मासा टोपलीत परत ठेवला.

"नाही, नाल्याचे आहेत. आजवर दिले तेही."

सादियाने पोटावर हात ठेवला. "मी दर आठवड्याला तुमच्याकडूनच नेत होते," एवढंच ती बोलली. मागून कुणीतरी टोमणा मारला, "नातीला बाधलं तेव्हा जीभ सुटली होय?"

"खरं आहे," बदावी म्हणाला. त्याने मान वर केली नाही. टोपली उचलून तो चालू लागला.

त्याने आम्हा साठही जणींना पागेवरून कापून काढलं आणि भाजक्या मातीच्या गोळ्या ओवल्या. आता तो लांबच्या पाण्यात जातो. मासे थोडे मिळतात. काही शेजारी हसतात. दोन घरांनी मात्र बॅटऱ्या फोडणं सोडलं. सादियाचं बाळ सुखरूप जन्मलं, पण त्याचं रक्त तपासायला तिला अजून फेऱ्या घालाव्या लागतात.

मला त्याने डॉक्टरकडे दिलं; आता मी दवाखान्याच्या टेबलावर काचेच्या बरणीत बंद आहे, लोकांनी बघावं म्हणून. मित्रांनो, पाण्यात ओतलेलं वाहून जात नाही. ते कुणाच्या तरी ताटात येतं. तुमच्या गावच्या नदीत, खाडीत काय ओतलं जातं ते मोठ्यांना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

नज्ला दर महिन्याला येते. तिच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरतंय. गेलेलं किती परत येईल, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. नंबर लागेपर्यंत ती माझ्यासमोर बसून आठचा पाढा म्हणते. आठ पंचे... म्हणते आणि थांबते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं, पण काचेत आडोसा नसतो.