फुकटचा मिस्त्री

इंद्रभान अमरावतीहून परत आला तेव्हा त्याच्या पेटीत रंधे होते, पटाशा होत्या, गुण्या होता आणि सुतारकामाचं सर्टिफिकेट होतं. त्याच्या वडिलांनी, रामकिसनजींनी, त्या सर्टिफिकेटाला वाशीमहून काचेची चौकट करून आणली आणि ते ओसरीत असं टांगलं की आल्यागेल्याच्या नजरेत आधी तेच भरावं. शिरपूरच्या अलीकडचं ते एवढंसं गाव. निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पण लाल शिक्का सगळ्यांनाच दिसत होता, आणि रामकिसनजींचं तेवढ्यावर भागत होतं.

त्यांनी पोराला हुन्नरशाळेत घातलं ते काही सुतारकामाच्या प्रेमाने नव्हे. वाशीमच्या एका सभेत कुण्या साहेबाने सांगितलं होतं की आता हाती हुन्नर असणाऱ्यांचे दिवस येणार, सरकारला जागोजागी मिस्त्री लागणार. मिस्त्री म्हणजे पगार आणि पगार म्हणजे खाकी कोट, असं रामकिसनजींनी मनाशी धरून टाकलं. शाळेने इंद्रभानला काम चोख शिकवलं, यात वाद नाही. पुढे त्या कामाचं काय करायचं हे मात्र तिथे कोणी शिकवत नव्हतं. त्याच्याबरोबर शिकलेला उदयसिंग कारंज्याच्या जिनिंगात कापसाच्या गाड्या मोजत होता. हेमसिंग लोहारकाम शिकला आणि घरी जाऊन म्हशी राखू लागला.

इंद्रभानला वाशीमच्या एका खुर्च्या-टेबलंवाल्याने कामावर बोलावलंही होतं. रामकिसनजींनी ते ऐकूनच घेतलं नाही.

"एवढ्या वावराच्या धन्याचा पोरगा दुसऱ्याच्या दुकानात रंधा मारन काय? सरकारी जागा निंघन. थांब जरा."

पोरगा थांबला. तो थांबलाय हे सरकारला कोणी कळवलं नसावं.

गावाला सुतार नव्हता असं मुळीच नाही. जगदेव सुतार होता. तिफण, वखर, डवरा, गाडीचं जू, जे मोडेल ते जगदेवच्या घराने वर्षभर नीट करून द्यायचं, आणि सुगीत खळ्यावर ज्वारीची रास पडली की त्याच्या बायकोने, मनकर्णाबाईने, टोपलं घेऊन जायचं. शेतकऱ्याने सूप भरभरून तिच्या टोपल्यात ज्वारी घालायची. हेच सुताराचं बलुतं. कितीतरी पिढ्या हे असंच चाललेलं. त्याला कोणी दान म्हणत नव्हतं; तो हक्क होता. पण त्या वर्षी जगदेवच्या उजव्या हाताला कंप सुटला. काम तो करी, पण सावकाश करी, आणि पेरणी तोंडावर आलेल्या माणसाला 'सावकाश' हा शब्द शिवीसारखा लागतो.

पहिल्यांदा आले ते पुंजाजी. शेजारच्या वावराचे, इंद्रभानला काका लागायचे.

"इंद्रभान, बापा, तिफणीचा दांडा मोडला. जगदेवले दिला त पेरनी होऊन जाईन गावाची, अन् मी बसीन पाहत."

इंद्रभानने दुपारच्या आत दांडा घडवून बसवून दिला. शाळेतून आल्यावर पहिल्यांदाच त्याच्या हाताला खरं काम लागलं होतं. तो खूष झाला. आणि मग पुंजाजींनी सहज विचारलं, "बोल, काय देऊ?"

इंद्रभानला घामच फुटला. लाकूड कसं कापायचं हे त्याला ठाऊक होतं, पण घ्यायचं कसं? त्याच्या घरचे लोक खळ्यावर देणारे. टोपलं पुढे करणारे ते वेगळे. कुणब्याच्या पोराने काकापुढे हात पसरायचा म्हणजे काय! तो घाईघाईने म्हणाला, "काही नको काका. आपलंच हाये."

"वा रे वा! याले म्हनतात घरानं," पुंजाजी म्हणाले, आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेले.

हे वाक्य इंद्रभानला गुळासारखं गोड लागलं. मग काय, दारात रांगच लागली. कोणाचा वखर, कोणाचा डवरा, कोणाच्या गाडीचं चाक. इंद्रभान रात्रंदिवस खपे, आणि 'काय देऊ' म्हटलं की नुसता हसून हात जोडी. लोक त्याला मिस्त्री म्हणू लागले. ओसरीवर बसून रामकिसनजी ऐकत आणि मिशीला पीळ देत. पगार नव्हता, खाकी कोट नव्हता, पण मान होता. मानाला काय कमी समजायचं?

फक्त पंचफुलाला, त्याच्या बायकोला, हे काही केल्या पटत नव्हतं.

"दिवसभर दुसऱ्यायचे वखर घासता," ती एकदा म्हणाली, "अन् तंबाखूले बाबाजवळ पैसे मांगता. लाज नाही वाटत?"

"घ्याची लाज वाटते, म्हनून त घेत नाही."

"मंग बाबाजवळ मांगाची काहून नाही वाटत?"

नवऱ्यांच्या रीतीप्रमाणे इंद्रभान रागावला आणि भाकर अर्धी टाकून उठला.

सुगी आली. रामकिसनजींच्या गावाजवळच्या वावरात ज्वारी मळून, वारवून रास पडली. रीतीप्रमाणे बलुतं घेणारे एकेक करून आले, टोपली टेकवून उभे राहिले. रामकिसनजी बाजेवर बसून सांगत होते आणि इंद्रभान सूप भरून घालत होता. मनकर्णाबाईची पाळी आली. तिने टोपलं पुढे केलं. इंद्रभानने सूप भरलं, तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

"थांब रे. मनकर्ने, तुवं कायचं?"

"कायचं म्हंजे? सुताराचं."

"औंदा जगदेवनं माह्या घरचं काय केलं? तिफन पोट्ट्यानं केली, वखर पोट्ट्यानं केला. तेबी फुकट. मंग तुले कायचं देऊ?"

मनकर्णाबाईला आधी ती थट्टाच वाटली. ती हसली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं.

"रामकिसनजी, ते काम करतेत अजून. हात कापते, पन करतेत. तुमी आनलंच नाही आमच्याकडं."

"माह्या एकट्याचं नाही. पुंजाजी हेच म्हनून राह्यला. अख्खं गाव म्हनून राह्यलं. घरचा मिस्त्री फुकट करून देते त बलुतं कोन देईन?"

तिने इंद्रभानकडे पाहिलं. "इंद्रभान, तू सांग बाप्पा. तुले त समजते."

इंद्रभानच्या हातात भरलेलं सूप होतं. त्याला समजत होतं. एका क्षणात सगळंच्या सगळं समजलं होतं. तोंड उघडून बापाला 'नाही' म्हणायचं, एवढंच काम होतं. तो ज्वारीकडे बघत राहिला. मनकर्णाबाई रिकामं टोपलं कमरेवर घेऊन बांधावरून निघून गेली. "घाल न्हाव्याले," रामकिसनजी म्हणाले, आणि इंद्रभानने ते सूप न्हाव्याच्या टोपल्यात ओतलं.

त्या दिवशी त्याला स्वतःची किळस आली. अशी की हात धुतले तरी जाईना. ज्याला तो वर्षभर आपला मोठेपणा समजत होता, तो दुसऱ्याच्या चुलीवरून उतरवून आणलेला होता. जगदेवशी त्याचं वैर नव्हतं. त्याचं वाईट व्हावं असं स्वप्नातही त्याच्या मनात आलं नव्हतं. नुसती 'वा रे वा' ऐकायची चटक लागली होती, आणि त्या चटकेपायी एक घर उपाशी बसणार होतं. आणि वेळ आली तेव्हा तो बोललादेखील नाही. हे शेवटचं त्याला सगळ्यांत जास्त बोचत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घरच्या कणगीतून एक पोतं ज्वारी काढली आणि बैलगाडीत घालून जगदेवच्या अंगणात नेऊन उतरवली. जगदेव बाभळीच्या लाकडावर वाकसाने काहीतरी तासत बसला होता. हात कापत होता, तो दुसऱ्या हाताने दाबून धरत होता. मनकर्णाबाई बाहेर आली.

"काय हाये हे?"

"ज्वारी हाये काकू. तुमची."

"कोनाच्या खळ्यावरची?"

"घरची."

"घरची त घरी ने. या घरात कामाचं शिजलं आजवर. कोनी दया करून देल्लेलं नाही शिजलं."

"काकू, मले काय मालूम होतं असं होईन..."

"तुले घ्याची लाज वाटली. तू मोठा झाला, नाव झालं तुवं. अन् आमच्या कामाची किंमत गेली. फुकट भेटते त्याले कोन ज्वारी देईन?"

जगदेवने वाकस खाली ठेवला. "त्याले नको बोलू. पोट्ट्याचं काम चोख हाये. पुंजाजीची तिफन पाह्यली मी."

"चोख हाये म्हनून त मेलो आपन," मनकर्णाबाई म्हणाली.

तिने शिव्या दिल्या असत्या तर इंद्रभानला बरं वाटलं असतं. त्याने पोतं परत गाडीत चढवलं. शेवटी त्याने विचारलं, "मंग मी काय करू, सांगा."

"पुंजाजीचं खळं उद्या हाये," जगदेव म्हणाला. "टोपलं घेऊन जाय. सुताराचं मांग."

"मी?"

"काम कोनं केलं? मी?"

पुंजाजींच्या खळ्यावर इंद्रभान गेला, पण कसा गेला ते त्याचं त्यालाच माहीत. गावातली ती वाट त्याच्या पायाखालची, पण त्या दिवशी संपता संपेना. मनकर्णाबाईचं टोपलं हातात. तो येताना दिसला तशा खळ्यावरच्या गप्पा थांबल्या. न्हावी, कोतवाल, कुंभारीण उभी होती. त्यांच्या शेजारी तो जाऊन उभा राहिला. कान नुसते पेटले होते.

"काहून बापा मिस्त्री, वाट चुकला काय?" पुंजाजींनी हसून विचारलं.

"सुताराचं घाला, काका."

"कोन्त्या सुताराचं?"

"गावच्या. तिफन मी केली. जगदेवच्या घरचं काम म्हनून केली." हे खरं नव्हतं. खरं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"अरे पाहा रे, रामकिसनजीचा पोरगा बलुतं मांगून राह्यला!" पुंजाजी मोठ्याने म्हणाले, आणि राशीभोवतीची माणसं खो खो हसली. "तवा त 'आपलंच हाये' म्हने!"

"तवा चुकलं माह्यं."

एवढे तीन शब्द, पण ते बाहेर पडताना त्याचा जीव गेला. हसणारे कसनुसे झाले. पुंजाजींनी सूप उचललं आणि घातलं.

जगदेवच्या अंगणात मनकर्णाबाईने ती ज्वारी पदराने पुसलेल्या जमिनीवर ओतली, हाताने दोन वाटे केले आणि एक वाटा त्याच्याकडे सरकवला.

"हे तुवं."

"मले नको काकू. तुमीच..."

"अजून तेच?" ती ताडकन म्हणाली. "तू फुकट केलं का लोक पुन्हा म्हनतीन, घरचा मिस्त्री हाये. तुले घ्याच लागन. तुह्यासाठी नाही, आमच्यासाठी. अन् गाडीत नको नेऊ. डोक्यावर ने, गावातून."

त्याने डोक्यावर नेलं. मारुतीच्या पारावरून, विहिरीवरून, सगळ्यांच्या देखत. घरी ओसरीवर रामकिसनजी कारंज्याच्या पाहुण्यांशी बोलत बसले होते.

"काय हाये ते?" त्यांनी विचारलं.

"बलुतं."

पाहुण्यांनी सुपारीत लक्ष घातलं. रामकिसनजींचा चेहरा कोणी मुस्कटात मारावी तसा झाला.

"डोक्यावर आनलं?"

"हो."

"साऱ्या गावातून?"

"हो, बाबा. त्या दिवशी खळ्यावर बोलाले पायजे होतं मले. नाही बोललो. त्याची जास्त लाज वाटते."

पंचफुला आतून आली आणि तिने टोपलं उतरवून घेतलं. पाहुणे उठून गेले, तेव्हा रामकिसनजी त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "नाल्याकडच्या वावरातलं खळं उद्या हाये. माह्याकडं बाकी हाये जगदेवचं. ये घेऊन टोपलं. घरून नको येऊ. त्याच्या घरून ये, अन् सगळ्यायच्या मांगं उभा राह्य."

ही शिक्षा होती की कबुली, हे इंद्रभानला उमगलं नाही. बहुधा रामकिसनजींनाही उमगलं नसावं.

दुसऱ्या दिवशी तो जगदेवच्या घरून गेला आणि रांगेत सगळ्यांत मागे उभा राहिला. बापाच्या खळ्यावर, बापाच्या गड्यांसमोर. आज रामकिसनजी बाजेवर बसले नव्हते. सूप त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं होतं. एकेकाचं घालत, प्रत्येकाला रीतीप्रमाणे विचारत ते शेवटी त्याच्यापाशी आले.

"कोनाचं?"

"सुताराचं."

त्यांनी सूप भरून घातलं, जसं सगळ्यांना घातलं तसंच. मग पुन्हा भरलं. "मांगच्या खळ्याचं," ते म्हणाले, आणि घातलं. दोघांपैकी कोणीही मान वर केली नाही.

भरलेलं टोपलं एकट्याने डोक्यावर घेता येत नाही; रांगेतला मागचा माणूस हात लावतो. इंद्रभानच्या मागे कोणी नव्हतं. ज्यांना मिळालं होतं ते आपापल्या वाटेने लागले होते, आणि गडी मालकाच्या तोंडाकडे पाहत जागच्या जागी उभे होते. रामकिसनजींनी सूप खाली ठेवलं, वाकले, आणि टोपल्याला हात लावला.