सर्वांच्या पोटात एकच खडा

मार्च महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी ठीक साडेदहा वाजता, बसस्थानकामागील दुमजली इमारतीच्या वरच्या सभागृहात, सुमारे दोनशे सुशिक्षित माणसांनी एका नाहीशा झालेल्या खड्यासाठी कडाडून टाळ्या वाजवल्या. खडा पित्ताशयातला होता, पित्ताशय एका जाडजूड किराणा दुकानदाराचे होते, आणि खडा नाहीसा करणारे गृहस्थ स्वतःला नादगुरू म्हणवीत. पांढरा कोट, गुलाबी चष्मा, हातात वायर जोडलेली चकचकीत कांडी, समोर कापड पांघरलेले टेबल आणि मागे भिंतभर पडदा, असा सारा सरंजाम होता.

"कापाकापी नाही, टाके नाहीत!" नादगुरू गरजले. "सूर्याच्या पोटात अणू अणूला मिठी मारतो. तेच संलयन मी ध्वनीने तुमच्या पोटात घडवतो. सदऱ्याचं बटणसुद्धा काढू नका!"

चौथ्या रांगेत मावशीशेजारी बसलेल्या भाचीला हसू आवरेना. अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत तीन वर्षे ती संगणकावर हेच संलयन मांडीत होती. "मावशी, त्याला दहा कोटी अंश तापमान लागतं. पोटात पेटलं तर खडा जाईल हे खरं, पण तूही जाशील."

"तू गप्प बस," मावशी फिस्कारली. "तीन वर्षं सूर्य पेटवतेयस, अजून कपभर चहा उकळला नाही. त्यांचं यंत्र निदान चालतं तरी!"

तीस वर्षे शिवणकाम केलेल्या मावशीला कात्रीचे भय नव्हते. ती स्वतःवर चालणार म्हटल्यावर मात्र तिची गाळण उडाली होती. तिच्याही पित्ताशयात खडा होता आणि ऑपरेशन सोमवारी ठरले होते. पित्ताशय सुजले आहे, पुढे ढकलाल तर फुटेल, असे सर्जनबाईंनी बजावले होते. तरीही मावशी कांडीखाली जाऊन उभी राहिली. "हूंऽऽ" असा सूर लागला. पडद्यावरच्या करड्या धुक्यात पांढरा खडा दिसला, तीनदा थरथरला आणि गडप झाला.

"सोमवारचं रद्द!" परत येऊन मावशीने जाहीर केले.

भाची मात्र पडद्याकडे पाहत राहिली होती. दुकानदाराचा खडाही तीनदाच थरथरला होता, त्याच कोपऱ्यात. हा प्रकार तिच्या परिचयाचा होता. मागल्या वर्षी तिने संगणकावरच्या प्रारूपात कोणतेही तापमान घातले तरी प्लाझ्मा, म्हणजे संलयनासाठी तापवलेला वायू, शांतच राही. आनंदाने तिने साऱ्या विभागाला पेढे वाटले. आणि मग कळले की प्रोग्राम तिचे नवे आकडे वाचतच नव्हता, महिन्यापूर्वीचीच फाइल चघळीत बसला होता.

तिने वर्गमित्राला फोन लावून सारा प्रकार सांगितला. त्याला सगळे जेली म्हणत. जिलेटिनचे धडाएवढे ठोकळे ओतायचे, त्यांत द्राक्षे पुरायची आणि ती अल्ट्रासाउंडने हुडकायची, हे त्याचे संशोधन.

"पोटाला जेल लावतो का तो?" जेलीने विचारले.

"छे! सदऱ्यावरूनच."

"मग त्याला काय कपाळ दिसणार? मधल्या हवेवरूनच ध्वनी परत फिरतो. थांब, माझ्याकडे एक पेशंट आहे. द्राक्षं सहा, पित्ताशय शून्य."

रविवारी भाचीने मावशीला 'आभार मानायला' म्हणून पुन्हा त्याच भरलेल्या सभागृहात नेले. मागोमाग जेली चाकांची खुर्ची ढकलीत आला. खुर्चीत नखशिखांत शालीत गुंडाळलेल्या आजी.

"आजी फार लाजतात, महाराज. शाल काढणार नाहीत."

"नादाला शालीचं काय!" कांडी फिरली, सूर लागला, पडद्यावर खडा आला, तीनदा थरथरला, गेला. जेलीने खुर्चीला हळूच गुडघा दिला आणि आजीही थरथरल्या.

"पाहा! नाद आत पोहोचला! आजी, आता कसं वाटतंय?"

आजी बोलेनात. जेलीने शाल ओढली. वर टोपी घातलेली उशी, खाली सहा द्राक्षांसह डुलणारा पिवळट ठोकळा. "जिलेटिन आहे, महाराज," तो म्हणाला. सभागृह हसून हसून लोळायचेच काय ते बाकी राहिले.

"जिलेटिन हाडांपासूनच बनतं!" नादगुरू ओरडले. "त्याला पूर्वदेहाची स्मृती असते!"

"पित्ताशयाची पण?" जेलीने नम्रपणे विचारले.

मावशी हसत नव्हती. तिची नजर टेबलाच्या कापडापाशी अजून खालीवर होणाऱ्या नादगुरूंच्या उजव्या टाचेवर होती. टाचेची ती हालचाल तिला फार ओळखीची वाटत होती. ती उठली, टेबलावरचे कापड वर केले आणि खाली बसली.

"अगं बाई, हे तर पायडल!"

तिने दाबले, पडद्यावर खडा आला. पुन्हा दाबले, गेला. कांडीची वायर टेबलाच्या पायाला गाठ मारून ठेवलेली होती. कुणा अनोळखी रुग्णाची जुनी चित्रफीत, एवढेच ते यंत्र. मावशीचा पाय शिलाईच्या लयीत चालू लागला आणि दोनशे माणसे एका सुरात ओरडू लागली, "आला! गेला! आला! गेला!" नादगुरू मागल्या जिन्याने निघाले होते, किराणा दुकानदार आधीच तिथे जाऊन उभा होता.

"यंत्रांना भिऊ नका," गलबला ओसरल्यावर भाची म्हणाली. "पण कोणतंही यंत्र असो, त्याला एकदा असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर 'नाही' असायला हवं. तिथेही ते 'हो' म्हणालं, तर त्याने तुम्हाला पाहिलेलंच नाही. मी स्वतः फसलेय, म्हणून सांगते."

मावशी गुडघे धरून उठली. सारे तिच्याकडे पाहू लागले.

"खडा माझ्या पोटात आहे तसाच आहे," ती म्हणाली. "ऑपरेशन उद्याच होणार."